आज नदी उलटी वाहिली
काल पौर्णिमा झाली. आज पहाटे खिडकीतून पाहिलं तर नदी उलटी वाहत होती, समुद्राकडून वर. रात्रभर पाऊस, त्यात उधाणाची भरती. वरून आलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाटच नाही. पायरीवरची शेवाळाची रेघ बुडाली तेव्हा पोटात गोळाच आला. मग पाणी थबकलं. एक वाळकं पान जागच्या जागी फिरत राहिलं, आणि हळूच समुद्राकडे निघालं. हुश्श!

भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते, ते गणित आता अंगात मुरलंय. थंडीत हेच पाणी धुक्याखाली निपचित असतं, उन्हाळ्यात ओहोटीला चिखलावर खेकड्यांची बारीक नक्षी उमटते. पण माझा जीव या गढूळ, पावसाळी नदीवरच. आत्ता काठ उघडा पडलाय आणि त्याचा खारट वास घरभर पसरलाय.