आभासी वाद्यवृंद आणि प्रत्यक्ष वादक : एका रचनेच्या दोन आवृत्त्या

वाद्यवृंदासाठी लिहिलेल्या माझ्या एका संथ रचनेचे संगणकावरचे काम आता पूर्ण झाले आहे. तंतुवाद्यांचे पाच विभाग, दोन हॉर्न, एक ओबो (दुहेरी पातीचे फुंकवाद्य) आणि एक हार्प एवढीच वाद्ये तिच्यात आहेत. दरम्यान एका हौशी वाद्यवृंदाने हीच रचना स्वरलिपीवरून वाजवून दिली आणि तिचे ध्वनिमुद्रण हाती आले, त्यामुळे सॅम्पलवर, म्हणजे खऱ्या वाद्यांच्या आधी मुद्रित केलेल्या स्वरांवर, उभी केलेली आवृत्ती आणि माणसांनी वाजवलेली आवृत्ती शेजारी शेजारी ठेवून, एकेका बारवर (तालाच्या एका आवर्तनावर) थांबत ऐकता आली. त्यातून माझ्यापुरती एक गोष्ट पक्की झाली. सुटा स्वर ऐकवला तर चांगली लायब्ररी (अशा सॅम्पलचा संग्रह) कोणती आणि खरे वाद्य कोणते हे ओळखणे फार अवघड आहे. फरक कळतो तो एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर जाताना, आणि एक वादक दुसऱ्याचे ऐकून आपले वाजवणे बदलतो तेव्हा.

याचे कारण सॅम्पलिंगच्या मूळ कल्पनेतच आहे. १९६३ साली आलेल्या मेलोट्रॉन या पट्ट्यांच्या वाद्यामध्ये प्रत्येक पट्टीखाली चुंबकीय फितीचा एक तुकडा असे. पट्टी दाबून धरली की मुद्रित स्वर सुमारे आठ सेकंद वाजे आणि फीत संपे. १९७९ मध्ये आलेल्या फेअरलाइट या संगणकीय वाद्याने फितीऐवजी संगणकाची स्मृती वापरली, तरी स्वर कोणीतरी आधीच वाजवून ठेवलेला आहे आणि आपण तो केवळ सुरू करतो व थांबवतो, ही स्थिती तशीच राहिली. २००० साली स्थापन झालेल्या व्हिएन्ना सिम्फॉनिक लायब्ररीने या मर्यादेवर नेमका हात घातला. तिचे संस्थापक हर्ब टुकमांडल हे स्वतः चेलोवादक असल्यामुळे दोन स्वरांमधल्या वाटेचे मोल त्यांना ठाऊक असणारच. सुट्या स्वरांबरोबर एका स्वरावरून दुसऱ्यावर जातानाचा आवाजही मुद्रित करण्याचा मार्ग त्यांनी धरला, आणि आज आपण ज्याला खरा लेगाटो (स्वर न तोडता जोडून वाजवणे) म्हणतो तो तिथून रूढ झाला.

या कामाचा आवाका किती असतो हे एकदा कागदावर मांडून पाहण्यासारखे आहे. तीन सप्तकांच्या वाद्यात वरचा स्वर धरून ३७ स्वर येतात. प्रत्येक स्वरावरून वर आणि खाली एका सप्तकापर्यंत जाणाऱ्या सगळ्या जोड्या मोजल्या तर त्या ७३२ भरतात, आणि सौम्य, मध्यम व जोरकस अशा तीन पातळ्यांवर प्रत्येक जोडी वाजवून घ्यायची तर २१९६ वेळा वादकाला तेच काम त्याच निष्ठेने करावे लागते. एवढे करूनही हाती येते ते दोन स्वरांमधले अंतर. तो वादक त्या झेपेपर्यंत कोणत्या ओळीतून आला होता आणि पुढे कुठे जाणार होता, हे त्या मुद्रणात नसते.

माझ्या रचनेत ओबोची मुख्य ओळ 'ए' या स्वरावरून वरच्या 'एफ'वर झेप घेते. संगणकावर ती झेप बसवण्यासाठी मी पुष्कळ वेळ दिला होता. मिडी या संगणकीय वाद्यांच्या संकेतप्रणालीतल्या कंट्रोलर क्रमांक १ वरून सॅम्पलच्या पातळ्या एकमेकींत मिसळतात आणि क्रमांक ११ वरून केवळ आवाजाचा जोर कमी-जास्त होतो. दोन्हींची किंमत ० ते १२७ या मर्यादेत फिरते, आणि या दोन वक्ररेषा हातात हात घालून चालल्या तरच स्वर फुलल्यासारखा वाटतो. सोलो वाद्याच्या बाबतीत यातही एक अडचण आहे. सौम्य पातळीकडून जोरकस पातळीकडे जाताना मधल्या क्षणी दोन वेगवेगळी मुद्रणे एकाच वेळी वाजतात, आणि कान देऊन ऐकले तर एका ओबोचे दोन ओबो झाल्याचे जाणवते. सोळा व्हायोलिनांच्या गर्दीत हा दोष लपतो, पण एकट्या वाद्यात तो उघडा पडतो.

प्रत्यक्ष ओबोवादकाने तीच झेप घेतली तेव्हा 'ए' किंचित लांबला आणि त्याच्या शेवटच्या अंशात आवाज भरत गेला. 'एफ' आला तो अगदी स्थिर, कंपाशिवाय, आणि तो बसल्यावरच व्हायब्रेटो (स्वराचे कंपन) हळूहळू सुरू झाला. माझ्या लायब्ररीत व्हायब्रेटो मुद्रणातच मुरलेला आहे, त्यामुळे तो केव्हा सुरू व्हावा हे ठरवणे माझ्या हातात नाही. श्वासाचे तर त्याहून महत्त्वाचे आहे. ओबोच्या दुहेरी पातीमधली फट इतकी बारीक असते की वादकाची हवा संपत नाही, उलट ती छातीत साचून जड होते, आणि नवा श्वास घेण्याआधी त्याला जुना बाहेर सोडावा लागतो. स्वरलिपीत मी अकरा बारची ओळ अखंड लिहिली होती. वादकाने सातव्या बारनंतर श्वास सोडला आणि घेतला, आणि तिथे ओळीला जो विसावा मिळाला तो इतका योग्य होता की आता तोच मी स्वरलिपीत कायम केला आहे.

हॉर्नच्या बाबतीत कानाला जाणवलेला फरक मोजूनही पाहता आला. चेलोंच्या षड्जावर पहिला हॉर्न गंधार धरतो. समान तडजोडीच्या, म्हणजे बारा सारख्या अर्धस्वरांच्या, स्वरसप्तकात हा गंधार षड्जापासून ४०० सेंट (एक सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) अंतरावर असतो, तर ५:४ या गुणोत्तराचा शुद्ध गंधार सुमारे ३८६ सेंटवर. तानपुऱ्याबरोबर हार्मोनियमचा गंधार चढा का लागतो हे ज्यांनी अनुभवले आहे, त्यांना या चौदा सेंटांचे महत्त्व वेगळे सांगायला नको. हॉर्नवादकाने स्वर धरल्यावर अर्ध्या सेकंदाच्या आत तो खाली घेतला आणि मुद्रणात तो शुद्ध गंधाराच्या अगदी जवळ आलेला दिसतो. हे त्याला कोणी सांगितले नव्हते. चेलो ऐकून त्याने ते केले. आता माझ्या आवृत्तीतही त्या जागी पिच बेंड (स्वर चढवण्या-उतरवण्याची सूचना) लिहिला आहे. बेंडची मर्यादा दोन अर्धस्वरांची असेल तर शून्यापासून खाली सुमारे ५६० एककांचा बदल लागतो, आणि तो स्वर सुरू झाल्यावर थोड्या वेळाने सरकवला तर कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) खरोखर स्थिरावते. लांब धरलेल्या कॉर्डसाठी हे प्रत्येकाने करून पाहावे असे मी आग्रहाने सांगेन.

तंतुवाद्यांबद्दल थोडक्यात लिहितो. सोळा व्हायोलिनांच्या सॅम्पलवर चार स्वरांची कॉर्ड दाबली तर चौसष्ट व्हायोलिने वाजतात. प्रत्यक्षात तेच सोळा वादक चार-चारांच्या गटांत विभागले जातात आणि आवाज पातळ, पारदर्शक होतो. दोन्ही आवृत्त्यांमधला सर्वांत ठळक फरक इथेच आहे, आणि लहान गटांची वेगळी मुद्रणे असलेली लायब्ररी वापरल्याशिवाय तो भरून निघत नाही. आखूड स्वरांबाबत मात्र सॅम्पलची बाजू भक्कम आहे. एकाच स्टॅकाटोची (तोडून वाजवलेल्या स्वराची) चार-पाच मुद्रणे आलटून पालटून वाजवण्याच्या सोयीमुळे पिझिकाटोचे (बोटाने तार छेडण्याचे) बार तर मला दोन्हींत जवळजवळ सारखेच वाटले.

सॅम्पलमुळे लेखनाला लागणारी सवय हा मला अधिक गंभीर प्रश्न वाटतो. हार्पला ४७ तारा आणि सात पेडल असतात. एक पेडल त्या नावाच्या सगळ्या सप्तकांतल्या तारा एकदम बदलते, त्यामुळे सर्व अर्धस्वर घेत जाणारी ग्लिसांडो (तारांवरून सलग बोट फिरवणे) या वाद्यावर निघूच शकत नाही. सॅम्पलवर ती विनातक्रार निघते. बासरीचा सर्वांत खालचा स्वर पितळी वाद्यांच्या गजरावर फेडर (आवाजाची सरकपट्टी) चढवून सहज ऐकवता येतो, पण सभागृहात तो कोणाच्याही कानावर पडणार नाही. म्हणून आता प्रत्येक वाद्याची ओळ मी आधी स्वरलिपीत पूर्ण करतो, वादकाला ती वाजवता येईल का हे तपासतो, आणि मगच सॅम्पलकडे वळतो. आभासी वाद्यवृंद हा रचना ऐकून पाहण्यासाठी अमूल्य आहे, कारण मध्यरात्रीही तो तोच बार हवा तितक्या वेळा वाजवतो. मात्र काय लिहायचे हे त्याने ठरवू नये, असे माझे ठाम मत आहे.

वेळेच्या बाबतीत दोन सुधारणा उपयोगी पडल्या. लेगाटोच्या मुद्रणात पुढचा स्वर ऐकू येण्याआधी वाट चालण्याचा वेळ असतो, आणि तो काही लायब्रऱ्यांत शंभर ते तीनशे मिलिसेकंदांपर्यंत जातो. म्हणून लेगाटोच्या ओळी तेवढ्या वेळाने आधी सरकवून ठेवल्या. दुसरे म्हणजे आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे दहा मीटर मागे बसलेला हॉर्न सुमारे २९ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. वाद्ये आपापल्या जागी बसवून मुद्रित केलेल्या लायब्ररीत हा विलंब आपोआप येतो, पण कोरड्या खोलीत मुद्रित केलेल्या सॅम्पलना तो हाताने द्यावा लागतो. माझे हॉर्न कोरडे होते, आणि विलंब दिल्यावर ते खरोखर मागे जाऊन बसले.

सध्या पहिल्या व्हायोलिनांच्या सॅम्पलवर एका प्रत्यक्ष व्हायोलिनवादकाची ओळ मुद्रित करून चढवण्याचे काम चालू आहे. जिवंत व्हायोलिन सॅम्पलपेक्षा बरेच खाली ठेवले तरी गजाची (व्हायोलिन वाजवण्याच्या काठीची) सुरुवात आणि स्वरांमधली मींड संपूर्ण विभागाची वाटू लागते, हा परिणाम अपेक्षेहून चांगला आहे. अडते ते खोलीच्या आवाजावर. लहान खोलीतले मुद्रण मोठ्या सभागृहातल्या सॅम्पलशी जुळत नाही, आणि मायक्रोफोन जवळ नेला तर गजाची खरखर पुढे येते. ज्यांनी असा मेळ घातला आहे त्यांनी मायक्रोफोन वाद्यापासून किती अंतरावर ठेवला आणि प्रतिध्वनी दोन्हींना एकच दिला की वेगवेगळा, हे कळवले तर पुढचे मुद्रण मी त्याप्रमाणे करून पाहीन.