तुम्ही विचारलंत म्हणून: ट्रिपॅनोसोमावर लस का नाही?

‘आफ्रिकन निद्रारोगाच्या परजीवीचं सगळं अंग एकाच प्रथिनानं मढलेलं असतं ना, मग त्याच प्रथिनावर लस का नाही करत?’ हे इतक्यांदा विचारलं जातं की एकदाचं लिहूनच टाकतो.

हा परजीवी म्हणजे ट्रिपॅनोसोमा ब्रुसी. त्याच्या एका पेशीवर त्या प्रथिनाचे, म्हणजे व्हीएसजीचे, सुमारे 1 कोटी रेणू असतात. जीपीआय नावाच्या मेदयुक्त मुळानं ते पेशीपटलाच्या फक्त बाहेरच्या थरात रोवलेले. आणि इतक्या दाटीनं, की प्रतिपिंडांच्या हाती बहुतेक त्यांची वरची टोकंच लागतात. व्हीएसजीची जनुकं 2000हून जास्त. बरीचशी अर्धवट, पण तुकडे जोडून नवी घडतात. चालू मात्र एका वेळी एकच. एकावर लस केलीत, तर दुसऱ्या व्हीएसजीचा कोट चढवलेल्या मोजक्या पेशी वाचतात आणि पुन्हा वाढतात. इथवर सगळ्यांना माहीत असतं, आणि सगळे इथंच थांबतात, वैताग त्याचा आहे.

कोट बदलायच्या आधी तो धुतलाही जातो. पटलाखाली सूक्ष्मनलिकांची (पेशीच्या सांगाड्यातल्या बारीक नळ्यांची) घट्ट जाळी असल्यानं पुटिकांना, म्हणजे माल वाहणाऱ्या पटलाच्या पिशव्यांना, आत-बाहेर जायला वाट नसते. जाळी नाही अशी जागा एकच: मागच्या टोकाकडे, फ्लॅजेलम (पोहण्याची शेपटी) जिथून बाहेर पडतो तो खिसा. सबंध पृष्ठभागाइतकं पटल या खिशातून सुमारे 12 मिनिटांत आत जाऊन परत येतं. व्हीएसजीला प्रतिपिंड चिकटलं की ती जोडी बाकीच्यांपेक्षा उंच होते. पेशी पुढं पोहते तसा द्रवाचा रेटा तिला मागं, थेट खिशाकडे लोटतो. आत प्रतिपिंड लायसोसोममध्ये, म्हणजे पेशीच्या पचनाच्या पिशवीत, मोडतं, व्हीएसजी परत वर येतं. पुरावा हवा? पोहणं थांबवा, प्रतिपिंडं जागची हलत नाहीत. 2007 साली त्याहून पुढचं करून पाहिलं गेलं: आरएनएआयनं (ठरावीक जनुक गप्प करायच्या तंत्रानं) फ्लॅजेलम हलवणाऱ्या डायनिन या प्रथिनाचा एक घटक दाबला, पेशी उलट्या पोहू लागल्या, आणि प्रतिपिंडं साठली पुढच्या टोकाला, जिथं खिसाच नाही.

मान्य, ही धुलाई प्रतिपिंडं थोडी असेपर्यंतच पुरते. ती वाढली की रक्तातली पूरक प्रथिनं (प्रतिपिंडांच्या मदतीला येणारी) पेशी फोडतात. मग लसीनं आधीच भरपूर तयार ठेवली तर? मरतील की, त्या एका कोटाच्या.

‘मग न बदलणारी प्रथिनं घ्या’ हेही ऐकतो. रक्तातलं लोह वाहणारं ट्रान्सफेरिन पकडणारा ग्राही खिशात दडलेला. आयएसजी65 हे दुसरं न बदलणारं प्रथिन बाहेर आहे, पण व्हीएसजीच्या गर्दीत. वर ते पूरक प्रथिन सी3लाच धरून बसतं. तरीही अशक्य म्हणायला जीभ रेटत नाही. गुरांना छळणाऱ्या ट्रिपॅनोसोमा विवॅक्सच्या फ्लॅजेलमवरच्या एका न बदलणाऱ्या प्रथिनाची लस उंदरांना संरक्षण देते, हे 2021 साली दिसलं. ब्रुसीसाठी त्या तोडीचं काही अजून हाती नाही.