पिशवीच्या कॅन्सरनंतर घरच्या घरी व्यायाम - माझा अनुभव

पिशवीचा (गर्भाशयाचा) कॅन्सर झाला होता म्हटलं की लोक ऑपरेशनचं विचारतात, रेडिएशनचं विचारतात, केस गेले का ते तर हमखास विचारतात. घरी आल्यावर पुढे काय केलं हे कोणी विचारत नाही, आणि मला तर तोच भाग सगळ्यात अवघड गेला. म्हणून तेवढंच सविस्तर लिहितेय, बाकीचं उरकते.

वय ५९, डोंबिवलीत राहते, डायबेटिस आहे, वजन पहिल्यापासून जास्त. पाळी जाऊन बरीच वर्षं झालेली आणि अचानक अंगावरून थोडं लाल गेलं. सोनोग्राफीत अस्तर जाड दिसलं, पाळी गेल्यानंतर ते ४ मिलिमीटरच्या वर असेल तर पुढे तपासतात, मग बायोप्सी आणि मग निदान, गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर. दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, पिशवी, दोन्ही अंडाशय, नळ्या आणि तपासायला जांघेच्या वरच्या बाजूच्या, पोटातल्या काही लसिका ग्रंथींच्या गाठी (लिम्फ नोड) काढल्या. पहिलीच स्टेज निघाली पण आतून रेडिएशन घ्यावं लागलं, ब्रेकीथेरपी म्हणतात ते. केमो नाही. (पाळी बंद झाल्यावर एक थेंब जरी दिसला तरी उष्णता झाली असेल म्हणून सब्जा पीत बसू नका, सरळ डॉक्टर गाठा.)

ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशीच नर्सने उठवून चालायला लावलं, आणि पलंगावर पडल्या पडल्या पावलं वरखाली करत राहा म्हणाली, पोटऱ्यांत रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून. तिथपर्यंत ठीक होतं. घरी आले आणि राज्य सुरू झालं पाहुण्यांचं. जो येईल तो आराम कर. सासूबाई म्हणाल्या बाळंतपणासारखं सव्वा महिना उठायचं नाही. जाऊबाईंचं म्हणणं पिशवी गेलेल्या बाईने आयुष्यभर जड उचलायचं नसतं. आमचे हे तर मी सोफ्यावरून उठले तरी "काय पाहिजे, मी देतो" म्हणून धावत येणार. प्रेमानेच करत होते सगळे, पण त्या प्रेमात मी इतकी ढिली पडले की बाथरूमपर्यंत जाऊन आले तरी बसावंसं वाटायचं.

पुढच्या व्हिजिटला डॉक्टरांना म्हटलं खूप थकवा आहे, टॉनिक द्या. त्या म्हणाल्या टॉनिक नाही, फिजिओकडे जा. आणि मग त्यांनी जे समजावलं ते मला आधी कोणी सांगितलं नव्हतं. पाळी गेल्यावर अंडाशय गप्प होतात पण अंगातली चरबी इस्ट्रोजेन तयार करतच राहते आणि ते अस्तराला सारखं वाढायला लावतं, त्यामुळे वजन, डायबेटिस आणि हा कॅन्सर बऱ्याचदा एकाच घरात नांदतात. आणि लवकर सापडला तर हा कॅन्सर बहुतेक बरा होतो, पण अशा बायका नंतर कॅन्सरपेक्षा हार्टच्या आजाराने जास्त जातात. म्हणजे मी रिपोर्टकडे डोळे लावून बसलेले आणि खरी काळजी छातीतल्या पंपाची घ्यायची होती!

फिजिओ म्हणजे माझ्या लेकीएवढी मुलगी, पण एकदम खमकी. तिने पहिल्याच दिवशी खुर्चीवर बसवलं, हात छातीवर घडी घालून, आणि म्हणाली काकू, ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उठून परत बसता येतं बघू. हाताचा आधार न घेता उठणं हे मी कित्येक वर्षांत केलंच नव्हतं हे तेव्हा कळलं, गुडघ्यावर हात ठेवून "आई गं" म्हटल्याशिवाय आमच्याकडे कोणीच उठत नाही. आकडा सांगत नाही, लाज वाटण्यासारखा होता. तिने तो वहीत लिहून ठेवला आणि म्हणाली, आपण वजनकाटा नाही बघायचा, हा आकडा बघायचा.

मग आला घरकामाचा विषय. मी म्हटलं अगं मी दिवसभर कामात असते, केर, भांडी, पोळ्या, तोच व्यायाम. ती म्हणाली, काकू, हालचाल आहे, चांगलीच आहे, बसून राहण्यापेक्षा शंभर पटीने बरी, पण तो व्यायाम नाही. पोळ्या लाटताना दम लागतो का? दोन मिनिटं केर, मग फोन, मग दूध, असं तुटक तुटक चालतं, हृदयाला सलग काम मिळतच नाही. आणि तीच कामं तेवढ्याच ताकदीने रोज करून ताकद वाढत नाही, फक्त पाठ दुखते. हे मी घरी येऊन जाऊबाईंना सांगितलं तर त्या दोन दिवस बोलल्या नाहीत.

उचलण्याचं म्हणाल तर मला सहा आठवडे ४-५ किलोच्या वर काही उचलायचं नव्हतं. बाहेरून पोटावर चार बारक्या खुणा दिसतात पण खरे टाके आत असतात, पिशवी काढल्यावर योनीचं वरचं टोक शिवून बंद करतात तिथे, आणि पोटावर दाब आला की जोर तिथेच येतो. म्हणजे १५ लिटरची भरलेली बादली नाही, पाणी भरलेला मोठा कुकर नाही, नातवाला तर नाहीच (सगळ्यात जड हे गेलं). पण हे सहा आठवड्यांचं होतं, आयुष्यभराचं नाही. तपासणीत टाके भरलेत म्हटल्यावर फिजिओने स्वतः वजनं उचलायला लावली, हळूहळू.

सुरुवात फक्त चालण्याने. आमच्याकडे रस्त्यावर चालणं म्हणजे रिक्षा आणि खड्डे चुकवणं, त्यामुळे मी बिल्डिंगच्या गच्चीवर, पावसात मजल्याच्या पॅसेजमध्ये. आधी दहा मिनिटं, मग वाढवत अर्धा तास. स्पीड किती, तर चालताना बोलता आलं पाहिजे पण गाता येता कामा नये. मी आरती म्हणून बघायची. सरळ म्हणता आली तर स्पीड कमी, दुसऱ्या ओळीला श्वास तुटला तर बरोबर. पॅसेजमध्ये आरती म्हणत येरझाऱ्या घालणारी बाई बघून समोरच्यांनी आमच्या ह्यांना काळजीने विचारलंसुद्धा.

लेकीने अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनच्या २०१९ च्या गाइडलाइन वाचून दाखवल्या, त्यात कॅन्सरमधून गेलेल्यांसाठी थकवा, चिंता, उदासपणा यावर आठवड्यातून तीनदा अर्धा तास दम लागेल असा व्यायाम आणि दोनदा ताकदीचा, असं दिलंय. फिजिओचंही तेच गणित होतं, पुढे आठवड्याला १५० मिनिटांपर्यंत न्यायचं. थकव्यावर व्यायाम हे औषध म्हणजे मला आधी चेष्टाच वाटली, उपाशी माणसाला उपास सांगितल्यासारखी. पण थकवा तीन-चार आठवड्यांनी खरंच उतरायला लागला. अचानक नाही, दुपारी झोप न काढता संध्याकाळ झाली असे दिवस मधून मधून यायला लागले, मग जास्त यायला लागले.

ताकदीचं सामान म्हणजे एक-एक लिटरच्या दोन पाण्याच्या बाटल्या आणि रबरी बँड. बँडमध्ये माझ्याकडच्या सेटला पिवळा सगळ्यात हलका, मग लाल, मग हिरवा. बँड खिडकीच्या ग्रिलला बांधायचा, कोपर अंगाला चिकटवून मागे ओढायचा, दोन सेकंद थांबायचं आणि परत जाताना सटकन सोडायचा नाही, हळू सोडायचा, खरं काम तिथे होतं. भिंतीवर हात टेकून जोर काढायचे. ओट्याला धरून टाचा उचलायच्या, कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत. आणि खुर्चीतून उठबस. प्रत्येक वेळी जोर लावताना श्वास सोडायचा, रोखून धरायचा नाही, ही एक गोष्ट ती प्रत्येक व्हिडिओ कॉलला सांगायची. डायबेटिसच्या काही गोळ्यांमुळे साखर उतरण्याची भीती असते, म्हणून उपाशीपोटी व्यायाम नाही आणि खिशात दोन लिमलेटच्या गोळ्या.

आता जे बायका बोलत नाहीत ते. खोकलं की लघवी लीक व्हायची. त्यासाठी खालचे स्नायू आवळायचे व्यायाम, लघवी अडवताना जे आवळतो ते पाच आकडे धरून ठेवायचं, मग तेवढाच वेळ पूर्ण सैल सोडायचं, पोट आणि मांड्या न आवळता. लघवी करताना मात्र करायचा नाही. सैल सोडणं जास्त महत्त्वाचं, विशेषतः आतून रेडिएशन झालेल्या बाईला, कारण तिथे सगळं आखडतं. त्यासाठी डायलेटर (योनी आखडू नये म्हणून आत घालायची गुळगुळीत नळी) वापरायला देतात, मला नर्सने नीट दाखवला, लाजू नका, विचारा. माझं लीक होणं पूर्ण थांबलं नाही पण पॅड न लावता लग्नाला जाऊन आले.

गाठी काढल्यामुळे पायाला सूज येऊ शकते म्हणून रोज रात्री दोन्ही पाय बघायची सवय लागली. मला सूज पायात दिसायच्या आधी डाव्या पायाच्या जोडव्यात कळली, रोज फिरणारं जोडवं जागेवर घट्ट बसलं होतं. फिजिओला कळवलं, तिने व्यायाम बंद नाही केला, कमी केला आणि प्रेशरचे मोजे मापाने घ्यायला लावले. पण एकच पोटरी अचानक सुजून दुखली, छातीत दुखलं, ताप आला किंवा परत रक्त दिसलं तर व्हिडिओ कॉलची वाट न बघता हॉस्पिटल, हे तिने लेकीकडून फ्रिजवर लिहून चिकटवून घेतलं.

वजन म्हणाल तर फारसं उतरलं नाही. भेटणाऱ्यांना तेवढंच दिसतं, "एवढा व्यायाम करतेस तरी?" मी उत्तर देणं सोडून दिलंय. उठबशीचा आकडा दुपटीच्या वर गेलाय आणि जेवणानंतरची साखर बरीच खाली आलीये, पण ते तोंडावर दिसत नाही ना.

घरच्यांचं म्हणाल तर खरा तिढा वेळेचा होता. व्यायाम घरी म्हणजे तो कधीही थांबवता येतो असं सगळ्यांना वाटतं. बँड हातात असताना दूधवाला, कुरिअर, "चहा टाकतेस का". जिमला गेले असते तर कोणी हाक मारली नसती. शेवटी मी संध्याकाळी साडेपाचला बेडरूमचं दार लावून आतून कडी घालायला लागले. पहिल्या आठवड्यात हे दोनदा दार वाजवून गेले, नंतर स्वतःच चहा टाकायला शिकले, साखर अजून जास्तच घालतात. कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाशेजारी मी लाल पेनने "व्या" लिहिते, चुकलेल्या दिवसांना काही नाही. ब्रेकीथेरपीच्या आसपासचा जवळजवळ अख्खा पंधरवडा रिकामा आहे आणि फिजिओने त्यावर एक शब्द काढला नाही, परत पिवळ्या बँडपासून सुरू करा म्हणाली.

जाऊबाई मागच्या महिन्यात आल्या तेव्हा त्यांच्या गुडघ्यासाठी तो पिवळा बँड घेऊन गेल्या, अजून परत दिलेला नाही. मला आता त्याची गरज नाही, पाठीला हिरवा चालतो, खांद्याला अजून लालच. पुढच्या कॉलला जिने सुरू करू म्हणालीये. आमची लिफ्ट ज्या वेगाने बंद पडते ते बघता त्यासाठी वेगळा वेळ काढावा लागेल असं वाटत नाही.