दाबाचा रकाना खोडला: बदलत्या हवेतल्या ट्राउटच्या नोंदी

या हंगामात मासेमारीच्या वहीत नवा रकाना आखलाय: तलावाच्या पाण्याचं तापमान, तेही दोन काठांवरचं. हवेचा दाब लिहिणं मात्र बंद केलं.

दाब उतरला की ट्राउट (गार पाण्यातला मासा) खात नाही, असं आपल्यातले बरेच जण मानतात. हिशेब करून बघा. वादळ येताना दाब साधारण 20-30 हेक्टोपास्कलने उतरतो. पाण्यात 1 मीटर खाली गेलं की दाब सुमारे 100 हेक्टोपास्कलने वाढतो. म्हणजे वीतभर वर-खाली होणारा मासा एवढा फरक दिवसभर झेलतच असतो. दाबाबरोबर येणारे ढग, वारा आणि पाऊस हेच खरं काम करतात, हे माझं मत नोंदींगणिक पक्कं होत चाललंय.

सगळ्यात जास्त शिकवलं ते वाऱ्याने. लाटा जिथे आपटतात तिथे किडे-अळ्या गोळा होतात, म्हणून तोंडावर वारा घेऊन गळ टाकायचा, ही जुनी शिकवण. गार पाण्यात ती खरीच आहे. पण भर उन्हाळ्यात वारा वरचा तापलेला थर त्याच काठाकडे ढकलतो, आणि निवाऱ्याच्या, म्हणजे वारा जिकडून येतो त्या काठाला खालचं गार पाणी वर सरकतं. रात्रभर जोराचा वारा वाहिल्यावर सकाळी मोजलं, तर लाटांच्या काठाला 20 अंश आणि निवाऱ्याला 17. लाटांकडे दोर नुसताच वाहत राहिला. निवाऱ्याला, खडकाळ उताराशी, बझरला (डासासारख्या किड्याच्या कोषाची नक्कल करणारी, गळावर बांधलेली नकली माशी) लागोपाठ मासे लागले. तिथे रॉड फिरवणंही किती सोपं!

बझर लावताना हल्ली मी दोर जवळजवळ ओढतच नाही. तरंगता दोर वाऱ्याला आडवा टाकायचा, त्याला कमानीसारखा बाक येऊ द्यायचा आणि नुसता ताण राखायचा. चावा धक्क्याने जाणवत नाही. पाण्यावरचा बाक हळूच सरळ होऊ लागतो, तेवढ्यात रॉड उचलायचा. या एका गोष्टीसाठी मी तासन्‌तास उभा राहू शकतो.

ऊन-सावलीचा खेळ चालू असेल तर खोली बदलत राहावी लागते. लख्ख उन्हात डॅफ्निया (पाण्यातला पिसूएवढा जीव) खाली उतरतो, आभाळ भरलं की वर येतो, आणि ट्राउट त्याच्या मागे. ठेवलेल्या एका माशाचं पोट उघडलं तर आत हिरवट-तपकिरी लगदा, दुसरं काही नाही. अशा वेळी मी इंटरमीडिएट (हळूहळू बुडणारा) दोर लावतो आणि माशी पाण्यात पडल्यापासून आकडे मोजतो. चावा ज्या आकड्याला आला, पुढची फेक तिथपर्यंत बुडू द्यायची. ढग सरकला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

पावसाची नोंद अजून कच्ची आहे. झऱ्याच्या तोंडाशी गार पाणी आलं की मासे तिथे जमतात, एवढं नक्की दिसलं. पाणी फार गढूळ झालं तर मी जागा सोडतो.

दोन बाबतींत मात्र तडजोड नाही. ढग गडगडला की रॉड खाली ठेवून काठापासून दूर व्हायचं, कारण कार्बनमधून वीज सहज वाहते. शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं पाण्याकडे फिरकायचं नाही. आणि पाणी 20 अंशांच्या वर गेलं की सोडून देण्यासाठी मासा धरायचा नाही. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. झुंजून दमलेला ट्राउट पोहत गेलेला दिसतो, पण नंतर मरू शकतो. त्याखालच्या तापमानातही मी बिनकाट्याचा गळ वापरतो आणि मासा पाण्याबाहेर न काढताच सोडवतो.

पुढच्या खेपेला थर्मामीटर दोरीला बांधून दर मीटरला मोजायचंय, म्हणजे गार थर नेमका कुठे सुरू होतो ते कळेल. तुम्ही असं मोजलं असेल, तर किती खोलीवर चावे आले ते जरूर लिहा.