रेंटनला जिमी हेंड्रिक्सच्या समाधीवर जाऊन आलो, पुढे जाणाऱ्यांसाठी सगळं लिहितोय

सिएटलकडे मुलांकडे येणारे आपले बरेच लोक स्पेस नीडल बघतात, बोइंगचा कारखाना बघतात, रेनियरचा बर्फ बघतात आणि परत जातात. बेलव्ह्यू-रेडमंडपासून गाडीनं साधारण अर्ध्या तासावर रेंटनमध्ये सिएटलचाच रॉक गिटारवादक जिमी हेंड्रिक्स झोपलाय हे पुष्कळांना माहीतच नसतं. माझ्या पिढीनं मुंबईला रंगभवनात आय-रॉक या रॉक संगीताच्या महोत्सवाला उभं राहून ज्याची गाणी इथल्या पोरांच्या गिटारवर ऐकली तो हा माणूस, त्यामुळे लेकीला आल्या आल्याच सांगून ठेवलं होतं की बाकी काही नाही झालं तरी चालेल, हे करायचंय. ती म्हणाली, बाबा, शनिवारी सकाळीच निघू.

जागेचं नाव ग्रीनवुड मेमोरियल पार्क, मन्रो ॲव्हेन्यूवर, नॉर्थईस्ट फोर्थ स्ट्रीटच्या कोपऱ्याला. बेलव्ह्यूहून 405 हायवेनं दक्षिणेला यायचं. विमानतळावरूनही जवळच आहे, म्हणजे परतीचं विमान संध्याकाळचं असेल तर बॅगा गाडीत टाकून वाटेत होऊ शकतं. तिकीट वगैरे काही नाही. बसनं यायचं तर रेंटन ट्रान्झिट सेंटरपर्यंत या आणि पुढची बस फोनवर त्याच दिवशी बघा, शनिवार-रविवारी वेळा वेगळ्या असतात.

आत शिरलं की शोधायला लागत नाही, तीन खांबांवरचा ग्रॅनाइटचा घुमट लांबूनच दिसतो. हा मूळचा नव्हे. 1 ऑक्टोबर 1970 ला त्याला इथे पुरलं तेव्हा साधा जमिनीलगतचा दगड होता, घुमट नंतर झाला आणि 2002 मध्ये त्याला तिथे हलवलं, त्याच वर्षी वडील अल गेले, तेही तिथेच आहेत. जुना दगड आता मधोमध बसवलाय. त्यावर एक स्ट्रॅटोकास्टर, म्हणजे तो वाजवायचा त्या जातीची इलेक्ट्रिक गिटार, कोरलीय आणि ती उजव्या हातानं वाजवणाऱ्याची आहे, यावरून गिटारवाल्यांमध्ये कायम चर्चा होते की बघा, डावखुऱ्याच्या थडग्यावर चुकीची गिटार. मला ते पटत नाही. तो वाजवायचा ती उजव्यांचीच गिटार, फक्त उलटी धरून आणि तारा फिरवून लावून. दुकानात मिळते तशी ती गिटार आहे दगडावर, आणि तीच त्यानं घेतली होती.

आतल्या भिंतींवर त्याचे चेहरे कोरलेत आणि त्या गुळगुळीत काळ्या दगडावर लिपस्टिकचे ओठ उमटलेले असतात, लोक येऊन मुका घेऊन जातात. खाली गिटारच्या तारा छेडायची पिकं, फुलं, मण्यांच्या माळा. मी पिशवीतून पिक नेलं होतं, पुण्यात ज्यानं शिकलो त्याच जातीचं जाड, ते ठेवलं आणि हात जोडले. एक तरुण मुलगा आपल्या बापाला घेऊन आला होता, दोघं काही बोलत नव्हते, बाप नुसता दगडावर तळवा ठेवून उभा. 18 सप्टेंबर 1970 ला लंडनमध्ये जिमी वारला तेव्हा तो 27 वर्षांचा होता. 6 सप्टेंबरला जर्मनीत फेहमार्न बेटावर वाजवलं आणि त्यानंतर बारा दिवसांत संपलं. झोपेच्या गोळ्या, गुंगीत उलटी, श्वास अडकला. इतक्या वर्षांनीही मला ते वाचताना राग येतो, कारण जवळ कुणी जागं असतं तर, हा विचार सुटत नाही.

पण खरं सांगायचंय ते वेगळं. घुमटापाशी फोटो काढून लगेच गाडीत बसू नका. त्याची आई लुसिल याच दफनभूमीत आहे. 1958 मध्ये गेली, तेव्हा जिमी पंधरा वर्षांचा, आणि वडिलांनी मुलांना तिच्या अंत्यविधीला नेलं नाही असं त्याच्या चरित्रांमधून येतं. घरची गरिबी इतकी की तिच्या कबरीवर कित्येक वर्षं नीट नावाचा दगडसुद्धा नव्हता. ज्या पोराला आईला निरोप देता आला नाही तो आज तिच्याच आवारात आहे, आणि जगभरचे लोक त्याच्याकडे येतात, तिच्याकडे फार कुणी वळत नाही. ऑफिस उघडं असेल तर तिथे विचारा, आणि फुलं नेणार असाल तर दोन गुच्छ न्या. लेकीनं ऑफिसात विचारलं, मग आम्ही तिच्याकडे गेलो आणि माझं मन तिथेच जास्त भरून आलं.

एक विनंती. ही चालू दफनभूमी आहे, बाजूला दुसऱ्यांची माणसं आहेत, कधी कुणाचा अंत्यविधी चालू असतो. गिटार न्यायला हरकत नाही, पण ॲम्प, स्पीकर, आरडाओरडा नको. दुसऱ्याचं ठेवलेलं काहीही आठवण म्हणून उचलू नका, हे लिहावं लागतंय याचं वाईट वाटतं.

आता बाकीचं. तो लहानपणी राहिलेलं एक छोटं घर वाचवायला म्हणून उचलून रेंटनला याच दफनभूमीसमोर आणलं होतं, काहीतरी स्मारक करायचं चाललं होतं, ते झालं नाही आणि 2009 मध्ये पाडलं, त्यामुळे जुन्या लेखात पत्ता मिळाला तर शोधत बसू नका. सिएटलचं सिक्स स्टेडियमही आता नाही, जिथे 26 जुलै 1970 ला पावसात त्यानं आपल्या गावकऱ्यांसमोर शेवटचं वाजवलं, ते 1979 मध्ये पाडलं. सिएटलमध्ये कॅपिटल हिलला ब्रॉडवे आणि पाइनच्या कोपऱ्यावर गुडघ्यावर बसून वाजवणारा ब्राँझचा पुतळा आहे, लाइट रेलच्या कॅपिटल हिल स्टेशनवरून चालत जाता येतं, तिथेही लोक हातात फुलं खोचून जातात. सेंट्रल डिस्ट्रिक्टमध्ये त्याच्या नावाची बाग आहे, आफ्रिकन अमेरिकन म्युझियमच्या शेजारी, पाय मोकळे करायला चांगली. मोपॉप हे मायक्रोसॉफ्टवाल्या पॉल ॲलननं उभारलेलं पॉप संस्कृतीचं म्युझियम स्पेस नीडलच्या पायथ्याशी, वेस्टलेकहून मोनोरेल थेट त्या इमारतीच्या पोटातून जाते. तिथलं प्रदर्शन बदलत असतं, म्हणून हेंड्रिक्सचं काय मांडलंय ते वेबसाइटवर बघूनच तिकीट काढा, आणि ऑनलाइनच काढा.

कधी जावं? 18 सप्टेंबरच्या सुमारास हवा छान असते आणि चाहतेही भेटतात, मला तरी तीच वेळ आवडेल. 27 नोव्हेंबर हा वाढदिवस, पण तेव्हा थँक्सगिव्हिंगची गर्दी रस्त्यावर, पाऊस, आणि साडेचारच्या आधीच सूर्य मावळतो, सो सकाळीच निघा, गवत ओलं असतं तर बूट घाला, आणि ऑफिसला सुट्टी असू शकते म्हणून लुसिलची जागा आधी फोन करून विचारून ठेवा.