वेल्डिंगचं एम.टेक. निवडताना: यादीतले विषय आणि वर्गातले विषय

वेल्डिंग इंजिनिअरिंगसाठी आपल्याकडे पर्याय इतके थोडे, की निवड एका संध्याकाळीही उरकायला हरकत नव्हती. मला मार्च ते मे लागले. त्यातला बहुतेक वेळ एका सरकारी संस्थेच्या विभागाकडून एकच उत्तर काढण्यात गेला: तुमच्या यादीतले कोणते इलेक्टिव्ह खरोखर शिकवले जातात?

पर्याय आधी सांगून टाकतो. मी मेकॅनिकलचा, त्यामुळे एम.टेक. हाच सरळ रस्ता. एनआयटी तिरुचिरापल्लीचं वेल्डिंग इंजिनिअरिंग मेटलर्जी विभागात आहे. त्याच शहरात भेल या सरकारी कंपनीची वेल्डिंग रिसर्च इन्स्टिट्यूट 1975 पासून आहे, म्हणजे आसपास वेल्डिंग जाणणारी माणसं भरपूर. परदेशात ओहायो स्टेटला बी.एस.पासून पीएच.डी.पर्यंत वेल्डिंग इंजिनिअरिंग आहे, तर इंग्लंडात क्रॅनफिल्डला एक वर्षाचं एम.एस्सी. अमेरिकेत फेरिस स्टेटचा कोर्स वेल्डिंग इंजिनिअरिंग ‘टेक्नॉलॉजी’चा आहे. हा शेवटचा शब्द नजरेआड करू नका. एबेट या मान्यता देणाऱ्या संस्थेत इंजिनिअरिंग आणि इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजी यांचे आयोग वेगळे आहेत. टेक्नॉलॉजीत वर्कशॉपमधलं काम जास्त, गणित कमी. त्यात वाईट काहीच नाही, फक्त पुढे संशोधनात जायचं असेल तर आधीच ठाऊक असलेलं बरं.

आता माझं घोडं अडलं ते इलेक्टिव्हपाशी. त्या विभागाच्या अभ्यासक्रमात अठरा इलेक्टिव्ह छापलेली. वाचताना तोंडाला पाणी सुटतं: फ्रिक्शन स्टर, लेझर आणि इलेक्ट्रॉन बीम, वेल्डेड स्ट्रक्चरचं डिझाइन, फॅटिग (पुन:पुन्हा येणाऱ्या भाराने धातू थकून चिरणं), रोबोटिक्स. पण पुरेशी मुलं जमली नाहीत किंवा शिकवणारे सर निवृत्त झाले, की विषय वर्गातून जातो आणि कागदावर तसाच राहतो. मी तीन ईमेल पाठवले. दोनांना उत्तर नाही, तिसऱ्याला एका ओळीचं: ‘संकेतस्थळ पाहावे.’ संकेतस्थळ पाहूनच विचारतोय, महाराज!

शेवटी माहितीचा अधिकार वापरला. केंद्र सरकारच्या संस्थांसाठी ऑनलाइन अर्ज होतो, शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. प्रश्नाची भाषा महत्त्वाची. ‘अमुक विषय का शिकवत नाही?’ असं विचारलंत तर अर्ज वाया गेला, कारण कायद्यात असलेल्या नोंदी मिळतात, खुलासे नाहीत. मी मागितलं ते असं: गेल्या चार सेमिस्टरमध्ये प्रत्यक्ष घेतलेल्या इलेक्टिव्हची यादी आणि प्रत्येकाची विद्यार्थिसंख्या, वेल्डिंग लॅबच्या उपकरण नोंदवहीची प्रत, फ्रिक्शन स्टर मशीनच्या लॉगबुकातली गेल्या वर्षाची पानं. उत्तर एकोणतिसाव्या दिवशी आलं. अठरापैकी सहा विषय चाललेले. वेल्डेड स्ट्रक्चरचं डिझाइन त्यात नव्हतं.

माझ्यासाठी हा विषय नसणं म्हणजे नकारच. टिग, मिग, सबमर्ज्ड आर्क या प्रोसेस कुठेही शिकवतात. कार्बन इक्विव्हॅलंट, हायड्रोजन क्रॅकिंग, प्रीहीट हेही मेटलर्जीवाले चांगलं शिकवतात. पण वेल्डच्या टोवरून, म्हणजे वेल्ड मूळ धातूला मिळतो त्या कडेवरून, फॅटिगची चीर कशी सुरू होते आणि त्यामुळे जास्त ताकदीचं स्टील वापरूनही जसाच्या तसा ठेवलेला वेल्डजोड फॅटिगमध्ये जवळपास तेवढाच का टिकतो, हे डिझाइनच्या वर्गातच नीट उलगडतं. ते शिकला नाहीत तर डब्ल्यूपीएस (वेल्डिंग कसं करायचं याचा लेखी तपशील) उत्तम लिहाल, पण जोड कुठे आणि कसा असावा हे दुसराच कोणी ठरवेल.

अर्ज केल्यावर सुचलेली सोपी युक्ती: संस्थेचं सेमिस्टर परीक्षेचं वेळापत्रक शोधा. जो विषय शिकवला त्याचीच परीक्षा असते. पाच मिनिटांचं काम, 10 रुपयेही लागत नाहीत. खासगी विद्यापीठाला माहितीचा अर्ज थेट करता येत नाही, तिथे तर हाच आधार. जोडीला गेल्या काही वर्षांच्या प्रबंधांची शीर्षकं बघा. सगळे प्रबंध सॉफ्टवेअरवरचे असतील तर लॅबमधल्या मशीनवर धूळ आहे असं समजा.

प्रवेशाच्या टप्प्याबद्दल दोनच गोष्टी. सीसीएमटीत, म्हणजे एनआयटी वगैरे संस्थांच्या एम.टेक. प्रवेशाच्या सामाईक फेऱ्यांत, खुल्या, ओबीसी आणि ईडब्ल्यूएस गटाला 6.5 सीजीपीए किंवा 60 टक्के लागतात. गेट या प्रवेशपरीक्षेचा कोणता पेपर आणि कोणती पदवी चालते, ते त्या-त्या कोर्सच्या पात्रता तक्त्यात बघायचं. मेकॅनिकल सगळीकडे चालेल असं गृहीत धरू नका. दुसरं, ‘फ्लोट’ (मिळालेली जागा धरून वरच्या पसंतीची वाट बघणं) जपून. पसंतिक्रमात मोठ्या नावाच्या संस्थेचं प्रॉडक्शन वर आणि वेल्डिंग खाली लिहिलं असेल, तर पुढच्या फेरीत वरची जागा मिळताच वेल्डिंगची आपोआप जाते. ती परत मागता येत नाही. वेल्डिंगच हवं असेल तर तेच वर लिहा आणि मिळताच ‘फ्रीझ’, म्हणजे पक्कं करा.

गेटमधून गेलात तर महिना 12,400 रुपये विद्यावेतन मिळतं, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

आणि कॅम्पस बघायला गेलात तर एचओडींच्या केबिनआधी लॅबमध्ये जा. तिथल्या टेक्निशियनला विचारा की आर्गॉनचा सिलिंडर शेवटचा कधी बदलला. तारीख पटकन सांगितली तर पुढचे प्रश्न विचारा. ‘बघावं लागेल’ म्हणाले, तर चहा घेऊन परतीची गाडी पकडा.