तुम्ही विचारलंत म्हणून: एमआरआयआधीची ती सुई

"पोट तर दुखत नाही जी, मग पोटदुखीची सुई कायले?"

नागपुरात एमआरआय टेक्नॉलॉजिस्ट म्हणून काम करताना ओटीपोटाच्या तपासणीआधी हा प्रश्न मी सारखा ऐकते. दर वेळी दोन वाक्यांत उरकते. आज नीट सांगते.

ही रंगाची सुई, म्हणजे चित्रात भाग उठून दिसावेत म्हणून देतात ती, नव्हे; ती वेगळी. हे हायोसिन ब्युटाइलब्रोमाइड, तुमच्या ओळखीचं बुस्कोपॅन, बहुधा 20 मिलिग्रॅम. तुम्ही टेबलावर निपचित पडून राहता हो, पण आतडी कुणाचं ऐकत नाहीत. आमची एकेक टी-टू मालिका, म्हणजे एका प्रकारच्या चित्रांचा संच, 4-5 मिनिटं चालते. तेवढ्यात आतडं वळवळलं की चित्र पुसट होतं, शेजारच्या अवयवांवर पट्टे उमटतात. शिरेतून दिलं की साधारण 15-20 मिनिटं आतडी शांत राहतात. तोंड कोरडं पडतं, नजर थोडा वेळ धूसर होते. ती निवळेपर्यंत गाडी चालवायची नाही.

वडशाहून आलेली ती ताई. एंडोमेट्रिओसिसची, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढण्याची, शंका होती. सुई बघूनच घाबरली, "नको जी." बाहेर रांग होती. मी म्हटलं, राहू द्या. तिची भीती मी मानली असं तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे समजावण्यात जाणारी पाच मिनिटं मी वाचवली. गर्भाशयामागची जागा, जी बघायची होती नेमकी तीच, पुसट आली. मालिका पुन्हा घेतली, तशीच. बाहेर आल्यावर तिने विचारलं, "मी हलली तर नाही ना, ताई?" मी म्हटलं, "नाही, तुम्ही नाही हललात." पुढे काही बोलवेना. रिपोर्टात आलं: आतड्याच्या हालचालीमुळे नक्की सांगता येत नाही. तीन आठवड्यांनी ती पुन्हा आली. पुन्हा भाडं, पुन्हा उपाशी पोट, पुन्हा नवऱ्याची मजुरी बुडाली. या वेळी सुई घेतली. आतडं गर्भाशयाला चिकटलेलं स्वच्छ दिसलं.

मग मी हट्टालाच पेटले. प्रत्येकाला द्याच, असं डॉक्टरांच्या मागे लागायची. एकदा प्रोस्टेटच्या तपासणीला एक काका आले. फॉर्मवर सगळीकडे 'नाही'. सिरिंज माझ्या हातात होती, तेव्हा दारातून काकू म्हणाल्या, "यांचे काचबिंदूचे थेंब राहिले सकाळचे, आता टाकू का?" हात तिथेच थांबला. काही प्रकारच्या काचबिंदूत या औषधाने डोळ्यातला दाब वाढू शकतो. प्रोस्टेटमुळे लघवी अडत असेल तर ती आणखी अडू शकते. ठोके वाढतात, म्हणून हृदयविकारात जपावं लागतं. ग्लुकागॉन हा पर्याय आहे, पण त्याने साखर चढते.

प्रोस्टेटच्या एमआरआयसाठीची पाय-रॅड्स 2.1 नियमावलीही अशा औषधाचा काहींना फायदा होईल, अनेकांना गरज नाही असंच म्हणते. मला हे माहीत नव्हतं का? होतं. पण वडशाची ताई डोळ्यांपुढून हलत नव्हती. एंडोमेट्रिओसिसला मी आजही सुईसाठी आग्रह धरीन, फक्त आधी डोळ्यांचं, हृदयाचं, लघवीचं तोंडी विचारून. प्रोस्टेटला मात्र दर वेळी अडखळते.

काकांची तपासणी सुईविना झाली. चित्रं चांगली आली. त्या दिवशी आतडी शांत होती की गरजच नव्हती, हे मला अजून सांगता येत नाही.